दोरीवरच्या उड्या आणि पाणकावळ्याचा खडक

२१ फेब्रुवारी

सेबोमबाई, ही वही वाचायला घेतली असेल तर आधी चष्मा शोधा. डोक्यावर आहे. तुमची छत्री आमच्याकडे राहिली, डब्याचं झाकण आमच्याकडे राहिलं, आणि मला लिहिता-वाचता येत नाही हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, तेही इथेच कुठेतरी पडलं असेल. सापडलं की पाठवून देते.

आरोग्यकेंद्रात तुम्ही म्हणालात, "माल्सेंगआजी, काय प्यायलात, कितीदा लघवीला गेलात, केव्हा गळलं, रोज लिहीत जा." तर मी बोलते आणि माझी सून नारे लिहिते. ती मुख्यभूमीवरची, शिकलेली पोर, पण समुद्रात घोट्यापलीकडे कधी उतरली नाही. तिला बजावलंय, मी म्हणेन तसंच उतरवायचं, तुझ्याविषयी वाकडं बोलले तरी. तिने मान हलवली. मान हलवली तेही लिही गं.

आजचं सांगते. कॉफी प्यायले, पाकिटातली, गोड. मग आणखी एक. गळलं दोनदा. एकदा खोकल्यामुळे, एकदा ताईचं बोलणं आठवल्यामुळे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. खाडीपलीकडच्या कोमुलला दिलेली. समुद्रात बुडी मारून शेवाळ-शिंपले काढणाऱ्या तिथल्या पाणबुड्या बायकांची ती मुख्य, इथे हान्दुलची मी. दोन गावांच्या मधोमध समुद्रात पाणकावळ्याचा खडक आहे. त्याच्यावरचं शेवाळ बेटावर कुठे मिळायचं नाही. बाळंतिणीच्या सूपाला आमच्याकडे दुसरं चालतच नाही. नारेला जुळी झाली त्या वर्षी कोमुलवाल्यांनी आमच्या आधी जाऊन खडक साफ केला होता, म्हणून हिला बाजारचं वाळकं घातलं. बिचारीने तक्रार केली नाही. चव कळली नसेल.

खडक कुणाचा यावर दर वसंतात भांडण. यंदा तालुक्याचे साहेब कंटाळले. म्हणाले, निकाल लागेपर्यंत कुणीच हात लावायचा नाही. भरल्या बैठकीत ताई उठली. "साहेब, आमच्या बायका धडधाकट आहेत. हान्दुलच्या नुसत्या शिंकल्या तरी पायवाट भिजते."

सगळे हसले. हसताना आमच्याकडच्या चौघी बाहेर गेल्या, त्या कशाला गेल्या ते मी सांगत नाही.

मी म्हटलं, "मग ये की दोरीवर! यंदाच्या तालुक्याच्या मेळाव्यात ज्या गावाच्या बायका दोरीवरच्या उड्यांत शेवटपर्यंत टिकतील, यंदाचा खडक त्यांचा!"

साहेबांनी लगेच मान्य केलं. त्यांना जेवायला जायचं होतं.

घरी परत येताना मला आठवलं की गेल्या वर्षी याच दोरीवरून आमच्या बायका एकेक करून थेट संडासाकडे पळाल्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आरोग्यकेंद्रात तुमच्याकडे आले. तुम्हाला वाटलं, आजीला तब्येतीची काळजी आहे.

२४ फेब्रुवारी

आज तुम्ही माझ्या पोटावर गार चिकट काहीतरी फासलंत आणि पडद्यावर माझी लघवीची पिशवी दाखवलीत. मी म्हटलं, ही तर जेलीफिश. तीन पोरं काढली मी, पण त्या बाजूला काय चाललंय याची विचारपूस करणारं तुमच्याआधी कुणी भेटलं नव्हतं. बरं वाटलं. चिकट मात्र गरम करून ठेवत जा.

"आता ओटीपोटाचा तळ आवळा, आजी."

मी आवळलं.

"या भुवया झाल्या."

पुन्हा आवळलं.

"हे दात."

पुन्हा.

"हे ढुंगण. जवळ आलात."

मग म्हणालात, लिफ्ट वर चाललीय अशी कल्पना करा. मी लिफ्ट पाहिली आहे ती तालुक्याच्या कचेरीत, आणि ती बंद असते. मग तुम्हीच विचारलंत, खाली समुद्रात काय घट्ट धरतं? मी म्हटलं, चोनबोक. तो बशीएवढा शिंपला खडकावर निवांत बसलेला असतो, पण हत्यार लावण्याआधी चुकून बोट लागलं की असा चिकटतो की पाणबुडीचं मनगट अडकून जीव जातो. माझी आई मला म्हणायची, चोनबोक दिसला की आधी त्याला कळू देऊ नकोस. तो आठवला आणि पडद्यावर जेलीफिशचा तळ वर उचलला गेला. तुम्ही टाळी वाजवलीत. हातातलं यंत्र खाली पडलं.

नारेही पडद्याकडे बघत होती. इतकी टक लावून की मीच शेवटी माझा सदरा खाली ओढला. तिला दुसऱ्याचं पोट पाहायची हौस.

२ मार्च

बाई, आजचं तुम्हीही विसरणार नाही, पण लिहून ठेवते.

आमच्या कपडे बदलायच्या खोलीत, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर, दोरीवर उतरणाऱ्या आम्ही सगळ्या जणी आडव्या. तुम्ही म्हणालात, "आवळा, आणि धरून ठेवा. जमेल तितकं."

आता पाणबुड्या बायकांना "जमेल तितकं धरून ठेवा" असं कुणी सांगतं का? आम्ही धरलं. तुम्ही घड्याळ पाहिलंत. आम्ही छत पाहिलं. तुम्ही म्हणालात, "छान. आता सोडा." कुणी सोडलं नाही, कारण मी सोडलं नव्हतं, आणि मुख्य बाई पाण्यातून वर आल्याशिवाय वर येणं म्हणजे इज्जत घालवणं. माझी शेजारीण चोम्सुन, तिचे ओठ जांभळे झाले. तुम्ही ओरडायला लागलात, "श्वास! अहो आजी, श्वास घ्या!" मग फोन केलात. रुग्णवाहिका आली. चालवणारा चोम्सुनचा भाचा. दारात उभा राहून म्हणतो, "मावशी, बुडालीस म्हणे? पाणी कुठाय?"

तेव्हा आम्हाला हसू फुटलं आणि मग जे व्हायचं ते झालं. उबदार जमीन पुसायला वेळ लागला.

तुम्ही नंतर समजावलंत की श्वास कोंडला की सगळा दाब खाली जातो. पोतं वरून दाबलं तर खालची शिवण उसवते, तसं. पटलं. पण बाई, आम्ही जन्मभर जोर लावला तो श्वास कोंडूनच. हंडा उचलला, पोर काढलं, नवऱ्याला दारातून ओढून आत घेतलं, सगळं श्वास कोंडून. आता आवळलं की आपोआप नाक बंद होतं.

५ मार्च

पाऊस. कॉफी एकच. गळलं एकदा.

माझी पॅडची पाकिटं मी वापरते त्याहून लवकर संपतात. मांजराला त्याचा काय उपयोग? मला मून सरपंचाचा संशय आहे. त्याच्या होडीच्या मोटारीतून तेल गळतं, ते टिपायला फडकं घ्यायचं तर तो काटकसरी आहे. नारेला विचारलं तर म्हणाली, "मी नवं पाकीट आणते, सासूबाई." चेहरा लाल. सरपंचाला पाठीशी घालते.

९ मार्च

आज वर्गात तुम्ही हरलात, बाई. डोकं धरून बसलात. चष्मा तुमच्या हातातच होता तरी शोधत होतात. आवळा म्हटलं की दहा बायकांचे गाल फुगत.

तेवढ्यात कोपऱ्यातून नारे म्हणाली, "पाण्यावर आल्यावर तुम्ही शीळ घालता ना सासूबाई... ती घालताना आवळून बघा."

आम्ही वर आलो की कोंडलेला श्वास ओठांतून शीळ घालत सोडतो. लांबून ऐकलं तर पक्षी वाटतो. मी म्हटलं, "तुला काय ठाऊक गं? तू कधी बुडी मारलीस?"

"नाही. असंच वाटलं."

घातली शीळ. आवळलं. गाल फुगले नाहीत! तुम्ही उभ्या राहिलात. "हेच! श्वास बाहेर, तळ वर!" सगळ्या जणी शीळ घालायला लागल्या. बाहेरून जाणारा कुरियरवाला थांबून आभाळात पाहत होता.

नारेचं वाटणं खरं निघालं. हिला अधूनमधून बरंच काय काय वाटतं. कॉलेजात बॅडमिंटन खेळायची म्हणे. रॅकेट भिंतीवर टांगलेली आहे, मी तिच्यावर मासे वाळत घालते. आता मात्र ही जागची हलत नाही. जुळ्यांपैकी एकालाही कडेवर घेत नाही. कंबर दुखते म्हणते. पँट कायम काळी. आणि शिंक आली की आधी एक पाय दुसऱ्यात अडकवून उभी राहते, मग शिंकते. मुख्यभूमीवरची रीत असेल. लिही, लिही. थांबलीस कशाला?

१३ मार्च

मून सरपंचाने आमचं नाक कापलं.

सकाळी सभागृहाच्या खांबावरचा भोंगा खरखरला आणि सगळ्या गावाला ऐकू गेलं: "हान्दुल ग्रामस्थांना सूचना. आज दुपारी लघवी गळणाऱ्या महिलांचा वर्ग आहे. बू माल्सेंग, चोम्सुन आणि इतर सर्व गळणाऱ्या महिलांनी आपापली उशी आणावी. तसंच संत्र्यांच्या बागेचं खत आलेलं आहे."

आम्ही उशा घेऊनच त्याच्या घरी गेलो.

"सरपंच, तुझी मूळव्याध आम्ही कधी भोंग्यावर सांगितली?"

"वहिनी, मी कर्तव्य केलं!"

"मग आणखी कर. रोज सकाळी भोंग्यावरून आम्हाला व्यायाम घालायचा. शीळ, आवळा, सोडा. विसरलास तर तुझ्या मूळव्याधीवर चोम्सुन भाषण देईल."

तुम्ही म्हणालात, सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. तेही त्याला बजावलं. पॅडचं विचारलं तर त्याला काही समजेना. चांगला नट आहे.

२० मार्च

रोज सकाळी भोंगा बोलतो. "शीळ घाला... आवळा... सोडा. सगळं सोडा, माल्सेंगवहिनी, जबडासुद्धा." त्याला माझा जबडा दिसतो कुठून?

आता गावच आवळतं. बागेत संत्री तोडणारे गडी शिडीवर आवळतात. पोस्टमन स्कूटर थांबवून आवळतो. मून सरपंच स्वतः म्हणतो की त्याची मूळव्याध कमी झाली, आणि हे त्याने भोंग्यावरच सांगितलं, आम्ही काहीही न करता.

गळलं नाही. कॉफी प्यायले तरी. तुम्हाला सांगणार नव्हते.

भोंगा चालू असताना नारे भांडी घासत होती. ओठ शीळ घालतायत असे गोल, आवाज मात्र नाही. मी म्हटलं, "चहा फुंकतेयस का?" चहा नव्हताच.

२९ मार्च

आज समुद्रात उतरले आणि परतताना काठावर बसून राहिले. काहीच धड नाही. सरावात आम्ही दोरीवर जरा टिकतो, मग कुणीतरी थांबतं, आणि खोटं बोलतं की घोटा मुरगळला. मीही बोलले.

बाई, तुम्हाला खरं सांगते. पैज मारताना मला खडकाचंच पडलं होतं. त्याच खडकाखाली आईने मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं. तो ताईच्या गावाकडे गेला तर मला मेल्यावरही झोप लागायची नाही. पण काल चोम्सुन म्हणाली की ती कैक वर्षांत बसने शहरात गेलेली नाही. नातीच्या लग्नालाही नाही. सांगितलं काय, तर गुडघा. मी तिच्याशेजारी राहते, तिच्यासोबत बुडी मारते, आणि मला वाटलं गुडघाच. पाण्यात आम्ही एकमेकींना डोळ्यांआड होऊ देत नाही. जमिनीवर कुणाचं लक्ष असतं?

नारे, नाक पुस. वहीवर पडेल.

६ एप्रिल

घात झाला!

वारा फिरला. खाडीपलीकडून शीळ ऐकू आली. एक नाही, दहा-वीस, एका तालात, आणि नंतर सगळ्या एकदम गप्प. सोडलं होतं त्यांनी. आमच्या भोंग्यावर! सगळा मार्च महिना आमचा वारा तिकडे जात होता आणि कोमुलच्या बाया फुकटात आवळत होत्या.

ताईला फोन लावला.

"चोर!"

"कोण बोलतंय? अगं माल्सेंग! तुमच्या सरपंचाला सांग जरा मोठ्याने बोल, 'सोडा' नीट ऐकू येत नाही."

"आम्ही बाईंची फी भरतोय!"

"बाई दर गुरुवारी आमच्याकडे पण येतात. तुला बोलल्या नाहीत?"

बाई. तुम्ही बोलला नाहीत. विसरलात, की ठरवून विसरलात?

फोन ठेवायच्या आधी ताई म्हणाली, "मी परवा पिक्चर बघताना हसले गं. पोटभर. काही झालं नाही." मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला. शत्रूशी जास्त बोलू नये.

१३ एप्रिल, मेळावा

नारे लिहितेय, पण फार घाईत, अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

शाळेच्या मैदानावर दोन लांब दोऱ्या. आमच्या दोरीच्या एका टोकाला मून सरपंच. कोमुलच्या दोरीला त्यांचा सरपंच, कोरे बूट घालून आलेला. तालुक्याच्या साहेबांनी झेंडा धरलेला, डोळा जेवणाच्या तंबूकडे. तुम्ही मधोमध उभ्या होतात. दोन्हीकडे टाळ्या वाजवत होतात, पाहिलंय मी.

ऐन वेळी चोम्सुन बसली. "गुडघा," म्हणाली.

मी म्हटलं, "खरं सांग, गुडघा की दुसरं?"

"खरंच गुडघा गं! यावेळी खरंच!"

नऊच उरल्या. दोरीवर दहा जणी लागतात, नऊ म्हणजे हार. मी आजूबाजूला पाहिलं तर नारेने वही चोम्सुनच्या मांडीवर ठेवली, जुळ्यांचे हात तिच्या हातात दिले आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. मी म्हटलं, "तुझी कंबर!" ती म्हणाली, "सरका जरा, सासूबाई."

मला सरका म्हणाली. पहिल्यांदाच.

दोरी फिरली. दोन्हीकडे शीळ. खाली पाय आपटले की ओठांतून फूऽऽ. मैदानभर असा आवाज की समुद्रपक्षी येऊन फाटकावर बसले. कुणी पळेना. कुणाचा घोटा मुरगळेना. ताईने पलीकडून आरडाओरडा सुरू केला, आम्हाला हसवायला: "माल्सेंग, लग्नाच्या दिवशी नवऱ्याऐवजी मेहुण्याला नमस्कार केलास ते आठवतं का?" आमच्या सगळ्या हसल्या. हसत हसत उडी मारली. काही झालं नाही! कोमुलचा सरपंच घामाघूम, त्याचे कोरे बूट त्याला चावायला लागले. साहेबांनी झेंडा खाली ठेवून खुर्ची मागवली. मून सरपंच सवयीने ओरडत होता, "आवळा! सोडा! अरे नको, सोडू नका, दोरीवर आहात!"

तेवढ्यात धूळ उडाली आणि नारेला शिंक आली. मी तिच्या मागे होते. मला दिसलं. तिचं डोकं मागे गेलं, खांदे वर गेले. उडी अजून हवेतच होती. पाय एकमेकांत अडकवायला वेळच नव्हता. शिंकली. अशी शिंकली की जुळी दोघं घाबरली. आणि पाय सरळ खाली टेकले, मग पुन्हा वर.

आणि मग ती मोठ्याने हसली. दोन वर्षं मी या घरात तिचं ते हसू ऐकलेलं नाही. मला वाटायचं, मुख्यभूमीवरच्या बायका हसतच नसतील.

मी तिच्या पायांकडेच बघत राहिले. काळी पँट. भिंतीवरची रॅकेट. पाकिटं.

दोरी माझ्या घोट्यात आली. वारा होता. वारा फार होता, लिही तसं.

खडक गेला. यंदाचा कोमुलचा.

ताई नाचत आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. "तू अडखळलीस? तू?" मी म्हटलं, "वारा." ती म्हणाली, "कुठला वारा?" आमच्या बाकीच्या जणी माझ्यावर चिडायला हव्या होत्या, पण त्या पुन्हा दोरीवर उतरल्या होत्या, खेळ संपला तरी. नारे सगळ्यांत पुढे. मून सरपंच विनवत होता, "अहो, आता सोडा! खरंच सोडा!"

१५ एप्रिल

कॉफी दोन. गळलं नाही. चोम्सुन बसने शहरात गेली. गुडघ्याच्या डॉक्टरकडे. येताना नातीच्या घरी जेवून आली.

रॅकेटवरचे मासे काढले. धुतली. अजून वास येतो, पण खेळायला वासाचं काय? पॅडची दोन पाकिटं आणवली, एक माझ्या कपाटात, एक न्हाणीघरात, जिथे कुणालाही हात पोचेल. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मून सरपंचाला चोर समजले, त्याला संत्री पाठवली. त्याला कळलंच नाही कशाबद्दल.

नारेने विचारलं, "सासूबाई, उद्या आरोग्यकेंद्रात तुमच्यासोबत मीही येऊ? लिहायला." मी म्हटलं, "ये. आणि लिहायला कशाला, पोटावर ते गार चिकट तूही फासून घे. जेलीफिश बघायची तर स्वतःची बघ, माझी काय बघतेस." हेही ती लिहितेय, तेवढं पुरे.

बाई, वही तुम्हाला देतेय. परवा गुरुवार, कोमुलला जाल. तिथे ताईला माझा एक निरोप द्या. तुम्ही विसराल, म्हणून आत्ताच हातावर लिहून घ्या. कागदावर नको, कागद तुम्ही विसरता. म्हणावं, पाणकावळ्याच्या खडकावरचं पहिलं शेवाळ काढशील तेव्हा कोवळा भाग माझ्याकडे पाठव, बाळंतिणीच्या सूपाला लागतं तेवढा. ती विचारेल, कोण बाळंत झालं? सांगा, दोन वर्षं झाली, बातमी आमच्यापर्यंत आत्ता पोचली. आणि वाळकं पाठवू नकोस म्हणावं. ओलं पाठव, समुद्राचं पाणी टपकत असलेलं, आणि पाटी गच्च भरून.